लातूरच्या हवेत किती रेडिओ मावतील? प्रकल्प नोंदी, ऑगस्ट ते नोव्हेंबर २०२४

२९ ऑगस्ट २०२४

केंद्रीय मंत्रिमंडळानं काल २३४ नव्या शहरांतल्या ७३० खासगी एफएम वाहिन्यांच्या लिलावाला मंजुरी दिली. सगळ्यांची मिळून राखीव किंमत, म्हणजे बोली जिथून सुरू होते ती, ७८४.८७ कोटी. महाराष्ट्राच्या यादीत लातूर आहे. आसपासची उदगीर, धाराशिव आणि बार्शीही आहेत.

दुपारच्या आत अण्णांचा काकांना फोन. अण्णा म्हणजे काकांचे मेव्हणे, डाळ मिलवाले. हातात पैसा मोकळा झाला की त्यांना काहीतरी नवं सुचतं. मागच्या वेळी शीतगृह होतं, या वेळी रेडिओ. "तुमच्या एजन्सीकडं जाहिरातदार हायेत, माझ्याकडं पैसा हाय. मग अडलंय कुठं?" काकांनी फोन माझ्या हातात दिला. म्हणजे काम माझ्या गळ्यात पडलं.

ठरलं ते एवढंच: दिवाळी झाली की अण्णांसमोर आकडे ठेवायचे. लातुरात रेडिओ चालेल का, हा प्रश्न मी धरलेला नाही. एक स्टेशन कुठंही चालतं. एकाच वर्षात तीन-चार उघडली तर त्यातलं कोणतं तगेल, हे बघायचंय.

३१ ऑगस्ट

ढोबळ हिशेब. ७८४.८७ कोटी भागिले ७३० म्हणजे वाहिनीमागं सरासरी एक कोटी साडेसात लाख. लातूरची नेमकी राखीव किंमत लिलावाच्या नोटिशीतून घ्यायची. तोवर सरासरीवर काम. ७३० ला २३४ नं भागलं की शहरामागं तीनहून थोड्या जास्त वाहिन्या येतात. आपण तीन किंवा चार धरून चालू.

परवाना १५ वर्षांचा, शुल्क एकरकमी. दहा टक्के व्याज धरून १५ वर्षांवर पसरवलं तर महिन्याला साधारण एक लाख अठरा हजार. अण्णांना एवढंच सांगितलं असतं तर त्यांनी उद्याच कोनशिला बसवली असती. म्हणून अजून सांगितलेलं नाही.

४ सप्टेंबर

नियम वाचतोय. कामाचे तेवढे:

बोली लावायला कंपनी कायद्याखाली नोंदलेली कंपनी लागते. अण्णांची भागीदारी पेढी चालणार नाही. लहान शहरांच्या 'क' आणि 'ड' वर्गांसाठी कंपनीचं नक्त मूल्य (मालमत्तेतून देणी वजा जाता उरतं ते) आधी दीड कोटी लागायचं, ऑक्टोबर २०२२ पासून एक कोटी पुरतं. वर्ग लोकसंख्येवरून ठरतात: १ ते ३ लाख 'ड', ३ ते १० लाख 'क'. २०११ च्या जनगणनेत लातूर ३ लाख ८३ हजारांच्या आसपास होतं.

सरकारला दरवर्षी एकूण उत्पन्नाच्या ४ टक्के. जीएसटी त्यात धरायचा नाही, ही यंदाच्या मंजुरीतली सवलत.

एका शहरातल्या एकूण वाहिन्यांपैकी जास्तीत जास्त ४० टक्के एका मालकाकडं राहू शकतात. चाराचे ४० टक्के म्हणजे १.६, तिनाचे १.२. अर्धी वाहिनी कुणी विकत नाही, तेव्हा लातुरात प्रत्येक मालकाला एकच. मोठ्या शहरात दोन वाहिन्या घेऊन एकीवर नवी गाणी, दुसरीवर जुनी, असं वाटून घेता येतं. इथं तीन मालक असतील तर तिघंही सगळ्यांसाठी सगळं वाजवायला बघणार.

बातम्या नाहीत. खासगी एफएमवर आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं लावता येतं, आपलं स्वतःचं नाही. वाहतूक, हवामान, परीक्षांचे निकाल, प्रवेश, पाणी-वीज, आपत्तीच्या सूचना या गोष्टी बातमीत मोडत नाहीत, त्या चालतात. तासाला दहा मिनिटं बातम्या द्याव्यात अशी शिफारस 'ट्राय'नं, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणानं, सप्टेंबर २०२३ मध्ये केली आहे. नियम जुनाच आहे.

९ सप्टेंबर

आधीच्या लिलावांचा इतिहास काढला. अण्णांना इतिहास आवडत नाही, पण यातले आकडे त्यांना आवडतील.

पहिला टप्पा १९९९ चा. १०८ वाहिन्या लिलावात मांडल्या, प्रत्यक्ष सुरू झाल्या वीस-बावीस. कारण परवाना शुल्क ठरावीक होतं आणि दरवर्षी १५ टक्क्यांनी चढायचं. धंदा वाढो न वाढो, शुल्क वाढणार. २००५ च्या दुसऱ्या टप्प्यात उत्पन्नातला वाटा घ्यायची पद्धत आली आणि मग लहान गावांत रेडिओ पोचला. कोल्हापूर, सांगली, सोलापूर, नांदेड, जळगाव, अकोला, धुळे ही नावं तेव्हाची.

तिसऱ्या टप्प्याचं धोरण २०११ चं. २०१५ च्या लिलावात १३५ वाहिन्यांपैकी ९७ गेल्या. २०१६ च्या दुसऱ्या तुकडीत ९२ शहरांतल्या २६६ वाहिन्या मांडल्या, गेल्या ६६. दोनशे तशाच पडून राहिल्या.

ही दोनशे मी वहीत मोठ्या अक्षरात लिहिली आहेत. त्यांचा अर्थ दोन तऱ्हेनं लागतो. लहान गावात रेडिओत पैसा नाही, हा एक. दुसरा आमच्या फायद्याचा: लहान गावात बोली लावणारेच कमी असतात, त्यामुळं जो येतो तो मोकळ्या मैदानात खेळतो.

१२ सप्टेंबर

मनोऱ्याचा भाग वाचला आणि सगळं चित्रच बदललं. नियमाप्रमाणे खासगी वाहिन्यांनी एकाच जागी, एकाच मनोऱ्यावर बसायचं. जिथं प्रसार भारतीचा मनोरा आहे तिथं तो भाड्यानं घ्यायचा. सगळ्यांचे प्रक्षेपक एका खोलीत, सिग्नल एकत्र करणारं यंत्र एक, वर अँटेना एक. यंत्रणा उभारायचं काम 'बेसिल' या सरकारी कंपनीकडं. खर्च सगळ्यांत विभागून.

म्हणजे आमचा आवाज औशापर्यंत खणखणीत आणि शेजाऱ्याचा मुरूडलाच खरखरतो, असं होणार नाही. जो आवाका त्यांचा, तोच आमचा. प्रक्षेपणाची ताकद 'ड' वर्गात १ ते ३ किलोवॉट, 'क' मध्ये ३ ते १०.

गाण्यांचंही तेच. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली ३१-ड कलम आलं. ठरवून दिलेलं शुल्क भरलं की कुणीही कुठलंही प्रकाशित गाणं वाजवू शकतो. अमुक कंपनीची गाणी फक्त आमच्याकडं, असं लहान गावात तरी होत नाही. (शुल्काचा कज्जा मोठा मजेशीर आहे. २०१० च्या आदेशानं ते जाहिरात उत्पन्नाच्या २ टक्के होतं. त्याची मुदत संपल्यावर ३१ डिसेंबर २०२० ला बौद्धिक संपदा अपील मंडळानं नवे दर ठरवले, आणि पुढच्या एप्रिलमध्ये ते मंडळच बरखास्त झालं.)

तर मनोरा सगळ्यांचा एक, गाणी तीच, बातम्या कुणालाच नाहीत. फरक उरतो कुठं? बोलणाऱ्याच्या आवाजात आणि जाहिरातीच्या दरात.

१८ सप्टेंबर

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका गावी खासगी स्टेशनवर वेळ विकायचं काम केलेला एक मित्र आहे. आता त्यानं स्वतःचं हॉटेल टाकलंय, म्हणून मोकळेपणानं बोलतो. दीड तास बोलला, त्यातलं टिपून ठेवतो.

दुकानदाराला स्पॉट विकला जात नाही, पॅकेज विकलं जातं. इतके स्पॉट, त्यावर आरजेनं नाव घेतलं की मेन्शन, "अमुक ज्वेलर्सच्या सौजन्यानं वेळ झाली साडेआठ", आणि दिवाळीत दुकानापुढं गाडी लावून दोन तास थेट कार्यक्रम. शेवटचं सगळ्यात जास्त विकलं जातं. दुकानापुढं गर्दी दिसते, शेजारच्या दुकानदाराला ती दिसते, आणि मालकाला तेच हवं असतं.

गावात एक स्टेशन होतं तोवर दर छापील होता. दुसरं आलं तेव्हा 'एकावर एक फ्री' सुरू झालं. तिसरं आलं तेव्हा एकावर दोन. "मग आम्ही दर कमी केलाच नाही कधी. कागदावर तोच दर. फक्त बोनस वाढवत गेलो." परिणाम असा की तासातल्या जाहिराती दुपटीनं वाढल्या, पैसे तेवढेच, आणि ऐकणारा वैतागून मोबाइलवरच्या गाण्यांकडं वळला.

उधारी नव्वद दिवस तर सर्रास. काही दुकानदार पैसे देतच नाहीत, माल देतात: साड्यांची कुपनं, हॉटेलचं जेवण, मिक्सर. ते श्रोत्यांना बक्षीस म्हणून वाटायचे. "पगाराला मिक्सर देता येत नाही ना," तो म्हणाला.

मी विचारलं, मग जाहिरातदार कुणाला जास्त ऐकतात ते बघून ठरवत नाही का? तो हसलाच. श्रोत्यांच्या मोजणीची 'रॅम' ही पद्धत मुंबई, दिल्ली, बंगळुरू आणि कोलकाता या चारच शहरांत होती. लहान गावात मोजतंय कोण? प्रत्येक स्टेशनचा माणूस आपणच एक नंबर म्हणून सांगतो. शेठ घरी बायकोला विचारतात, ड्रायव्हरला विचारतात आणि त्यावर वर्षाचं बजेट ठरतं. "ड्रायव्हर सांभाळ," हा त्याचा सल्ला. मी हसण्यावारी नेणार होतो, पण तो गंभीर होता.

२३ सप्टेंबर

कोल्हापूरचा नमुना वाचून काढला, कारण आपल्याला त्यातल्या त्यात जवळचा तोच वाटतो. तिथं 'पुढारी' समूहाचं टोमॅटो एफएम, बाहेरून आलेली मिर्ची, तिसऱ्या टप्प्यात आलेली रेडिओ सिटी, आणि आधीपासूनची आकाशवाणी. पुढारीचं घरच कोल्हापूरचं. ज्या दुकानदाराकडं पेपरच्या जाहिरातीचा माणूस वर्षानुवर्षं जातो, त्याच्याकडं रेडिओ विकायला नवी ओळख काढावी लागत नाही. मिर्चीमागं टाइम्स समूह, सिटीमागं २०१५ पासून जागरण समूह. मराठवाडा-खानदेशातल्या लहान शहरांत दिसणारं माय एफएम 'दिव्य मराठी'वाल्या डीबी कॉर्पचं. केरळातही हेच: मल्याळा मनोरमाचं रेडिओ मँगो, मातृभूमीचं क्लब एफएम.

पेपरवाल्यांचा रेडिओ तोट्यात गेला तरी पेपर तो ओढून नेतो. शिवाय पेपरची पाव पान जाहिरात घेतली की रेडिओ जवळजवळ फुकट, असंही देता येतं. अण्णांची तूरडाळ रेडिओला तशी ओढून नेईल का, हा त्यांना विचारायचा प्रश्न. (उत्तर माहीत आहे. "एक-दोन वरीस नेईल.")

३० सप्टेंबर

आज किल्लारीच्या भूकंपाला ३१ वर्षं झाली. आकाशवाणीत निवेदन केलेल्या एका बाईंकडं गेलो होतो, योगायोगानं आजच वेळ मिळाली. त्यांच्याशी बोलताना आमच्या घरातली गोष्ट निघाली: जमीन हलली ते सगळ्यांना कळलं, पण कुठं किती पडझड झाली ते रेडिओनंच सांगितलं.

बाईंचं म्हणणं, आकाशवाणीला प्रतिस्पर्धी समजू नका. शेतीचे कार्यक्रम आणि बाजारभाव ऐकणारा माणूस तुमच्याकडं येणार नाही, आणि तुमच्या ऐकणाऱ्याला आकाशवाणी कुठं लागते तेही ठाऊक नसतं. "भांडायचंच असेल तर भाषेवर भांडा. पुण्याहून पोरं आणाल आणि ती लातूरकरांना पुण्याचं मराठी ऐकवतील. इथल्या माणसाला 'काय करायलास' असं विचारणारा आवाज हवा."

आणि त्यांनीच लगेच दुसरी बाजू सांगितली. इथलं बोलणारा चांगला आरजे दोन वर्षांत गावाला माहीत होतो, तिसऱ्या वर्षी शेजारचं स्टेशन त्याला पाच हजार जास्त देऊन नेतं. लहान गावात असे आवाज चार-पाचच असतात. ते इकडून तिकडं फिरत राहतात आणि ऐकणारे त्यांच्या मागं.

७ ऑक्टोबर

नवरात्र चालू. गंजगोलाईत दोन संध्याकाळी फिरलो. सोळा रस्ते जिथं येऊन मिळतात, तिथं जाहिरात कशी होते ते बघायला वेगळं संशोधन लागत नाही. रिक्षावरचा भोंगा, चौकाचौकात फ्लेक्स, 'एकमत' आणि 'लोकमत'मधून पडणारी पत्रकं, केबलवर खालून सरकणारी पट्टी, आणि आता रील करणारी पोरं. एक पोरगा साडीच्या दुकानात शिरतो, तीस सेकंदांचं रील करतो, पैसे रोख घेतो, आणि रात्रीपर्यंत किती जणांनी बघितलं तो आकडा शेठना मोबाइलवर दाखवतो. रेडिओला हा आकडा दाखवता येत नाही.

साडीवाल्या शेठना विचारलं, उद्या तीन रेडिओ आले तर कुणाला द्याल? "ज्याची गाडी दुकानापुढं थांबंल त्याला." आणि तिघांच्याही थांबल्या तर? "मग जो उधार देईल त्याला."

१० ऑक्टोबर

आजचा दिवस वाईट म्हणायचा की उपयोगी, कळत नाही.

लातुरात जाहिरातीवर सगळ्यात जास्त पैसा कोण घालतं? क्लासवाले. नीट आणि जेईईच्या निकालानंतर गुणवंतांच्या फोटोंचे फ्लेक्स बघून बाहेरगावचा माणूस इथं निवडणूक लागली असं समजतो. माझ्या यादीत क्लासवाले पहिल्या क्रमांकावर होते. आज त्यांच्यातल्या दोघांना भेटलो.

दोघंही एकच बोलले. आमचा विद्यार्थी लातूरचा नाहीच. तो नांदेडहून येतो, बीड, परभणी, हिंगोलीहून येतो. निर्णय घेतो बाप, आणि बाप राहतो गावी. तुमचा रेडिओ औसा-रेणापूरच्या पुढं जाणार नाही. म्हणजे जो लातुरात येऊन राहिला, ज्यानं फी भरून झाली, त्यालाच आम्ही जाहिरात ऐकवायची? आणि तो वसतिगृहात मोबाइलही लपूनछपून वापरतो.

बरोबर आहे. यादीतलं पहिलं नाव गेलं.

मोठ्या बियाणे-खत कंपन्या, मोबाइल, दुचाकी यांची जाहिरात मुंबई-पुणे-हैदराबादच्या एजन्सीतून एकदम वीस-तीस शहरांसाठी ठरते. ती साखळीवाल्या रेडिओकडं जाणार. एकट्या लातूरच्या स्टेशनला कोण विचारतो? डॉक्टरांच्या जाहिरातीवर वैद्यक परिषदेची बंधनं आहेत, रुग्णालयं थोडीफार देतील.

उरले सराफ, कापड, फर्निचर, दुचाकीचे स्थानिक विक्रेते, प्लॉटिंगवाले, मंगल कार्यालयं, हॉटेलं. आमच्या एजन्सीच्या वहीत यातले बाराही महिने काही ना काही खर्च करणारे तीसेक आहेत. बाकीचे दसरा-दिवाळी आणि लग्नसराईपुरते.

१६ ऑक्टोबर

काल विधानसभेची आचारसंहिता लागली. काका म्हणाले, निवडणुकीच्या जाहिराती धर की. धरल्या तर धरता येतात, पण रेडिओवरच्या राजकीय जाहिरातीला आधी माध्यम प्रमाणन समितीची मंजुरी लागते, आणि हे पाच वर्षांतून एकदोन महिन्यांचं पीक आहे. शीटमध्ये वेगळ्या रकान्यात ठेवलं, मुख्य बेरजेत नाही.

खरं पीक सोयाबीन. यंदा हमीभाव ४,८९२ रुपये आणि बाजारात त्याच्या खालीच व्यवहार. आडत बाजारात तोंडं उतरलेली, सराफ बाजारात दसरा मंदा. लातूरच्या दुकानदाराचं जाहिरात बजेट सोयाबीन ठरवतं, हे कुठल्याच सरकारी कागदात सापडणार नाही. पण पहिल्या दोन वर्षांत सोयाबीन पडलं तर नवं स्टेशन बसेल, हे मी अण्णांना लिहून देणार आहे.

२१ ऑक्टोबर

आजचा हिशेब हा या फाइलचा गाभा. काकांनी दोनदा तपासला.

दर काय धरायचा? सामुदायिक रेडिओला (ना-नफा संस्था चालवतात तो) सरकारी जाहिरातीसाठी २०२३ मध्ये दहा सेकंदांना ५२ वरून ७४ रुपये केले, आणि जाहिरातीची मर्यादा तासाला ७ वरून १२ मिनिटं. आपलं स्टेशन व्यापारी असेल, त्याला हे लागू नाही. पण मोजपट्टी म्हणून ७४ रुपये आणि १२ मिनिटं वाईट नाहीत. त्यापेक्षा जास्त जाहिराती कुणी ऐकूनही घेणार नाही.

१२ मिनिटं म्हणजे दहा-दहा सेकंदांच्या ७२ जागा. दिवसाचे १६ तास, महिन्याचे ३० दिवस. एकूण एक जागा विकली गेली तर महिन्याला २५ लाख ५७ हजार. यातून एजन्सीचे १५ टक्के आणि सरकारचे ४ टक्के काढले की हातात वीस लाख सत्तर हजारांच्या आसपास.

खर्च मी महिन्याला सात लाख धरला आहे: परवान्याचा हप्ता, मनोरा, वीज, गाण्यांचं शुल्क, चार आरजे, एक तंत्रज्ञ, विक्रीचे तिघं, हिशेबनीस. हा अंदाज आहे, कोटेशनं आली की बदलेल.

म्हणजे बरोबरीत यायला एक तृतीयांश जागा विकल्या पाहिजेत. तासाला २४, दिवसाला ३८४. एखादं दुकान वीस सेकंदांचे आठ स्पॉट रोज घेतं असं धरलं तर त्याच्या १६ जागा झाल्या. ३८४ भागिले १६, उत्तर २४.

बाराही महिने, रोज, पूर्ण दरानं जाहिरात देणारे २४ दुकानदार. नफा दूरच, ही फक्त बरोबरी.

वहीत तीसेक आहेत. एक स्टेशन निघालं तर चालेल. दोन निघाली तर ओढाताण. चार निघाली तर ९६ लागतील, आणि 'एकावर एक फ्री' सुरू झालं की दुप्पट. शीटमध्ये राखीव किंमत निम्मी करून बघितली, महिन्याला साठ हजार वाचतात. स्टेशनांची संख्या चाराची दोन केली की सगळं गणितच फिरतं.

२८ ऑक्टोबर

साखळीचा विचार. लातूर, उदगीर, धाराशिव, बार्शी. २०११ चे आकडे मिळवले तर चारही मिळून सात लाखांवर लोक. तिसऱ्या टप्प्यात आपल्याच वाहिन्यांची देशभर साखळी करायला परवानगी आहे. स्टुडिओ लातुरात, आवाज चार गावांत. खर्च चौपट होत नाही.

पण मग उदगीरच्या दुकानदारानं बार्शीला ऐकू जाणाऱ्या जाहिरातीचे पैसे का द्यावेत? जाहिराती गावागावांत वेगळ्या सोडता येतात, तशी यंत्रणा असते. आरजे मात्र एकच. तो उदगीरच्या रेल्वे फाटकाबद्दल बोलला की बार्शीकर बटण फिरवणार. बाईंनी सांगितलेला भाषेचा मुद्दा इथं आमच्याच अंगावर येतो.

६ नोव्हेंबर

दिवाळी झाली. चार दिवस काही केलं नाही, रेडिओही ऐकला नाही.

१४ नोव्हेंबर

ऐकणार कशावर, हा प्रश्न शेवटी ठेवला होता. घरातला रेडिओ संच गेला. मोबाइलमध्ये एफएम असलं तर ते बंद करू नका, अशी सूचना केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स मंत्रालयानं २०२३ मध्ये कंपन्यांना केली होती. दुकानात जाऊन बघितलं तर विकणाऱ्या पोरालाच माहीत नाही कुठल्या फोनमध्ये एफएम आहे. त्याला वायरचा हेडफोन लागतो हे सांगितल्यावर तो म्हणाला, "वायरचा आता कोण घेतो?"

गाड्यांत आहे. पिकअप, टेम्पो, कार. सलूनमध्ये आणि टपरीवर आहे. लातूर-औसा रोजचं येणं-जाणं मोठं आहे. मित्राचं 'ड्रायव्हर सांभाळ' आता पटतंय.

१९ नोव्हेंबर

कंपनी काढली तर कोणता परवाना, याला पर्याय म्हणून सामुदायिक रेडिओही बघितला. १०० वॉट, लहान आवाका, मालकी ना-नफा संस्थेची किंवा शिक्षणसंस्थेची. म्हसवडची माणदेशी तरंग वाहिनी, बारामतीची शारदा कृषी वाहिनी, ही चांगली चाललेली नावं. अण्णांना नफा वाटून घ्यायचाय, तेव्हा हे बाद. एका ओळीत संपवलं.

२५ नोव्हेंबर

निकाल लागून गावात गुलाल बसला, तेव्हा अण्णांना वेळ मिळाला. मिलच्या ऑफिसात बैठक. मी शीट उघडली, ते बघेनात. "तोंडानं सांग."

सांगितलं. एक किंवा दोन स्टेशनं असतील तर उतरू. तीन असतील तर परवाना राखीव किमतीच्या आसपास मिळाला आणि साखळीत धाराशिव जोडता आलं, तरच. चार असतील तर नको. लिलाव ऑनलाइन, फेऱ्याफेऱ्यांनी किंमत चढते, त्यात मागणी किती आहे त्याचा अंदाज घेता येतो. २०१६ ला दोनशे वाहिन्या पडून राहिल्या, तसं लातुरात झालं तर आपलं जमलं.

अण्णांनी २४ चा आकडा दोनदा विचारला. मग म्हणाले, "म्हणजे दुसरे कुणी येणार न्हाईत असं धरून आपण जायचं. अन् त्यांनीबी तेच धरलं असंल तर?"

मी म्हणालो, बरोबर, तीच खरी जोखीम, आणि ती शीटमध्ये मोजता येत नाही.

"मला येती," अण्णा म्हणाले. धाराशिवचे त्यांचे व्याही, तेही तुरीच्याच व्यापारात, लातुरातल्या रेडिओचा अहवाल दुसऱ्या एका एजन्सीकडून करून घेत आहेत. दसऱ्याच्या जेवणात कळलं होतं. दीड महिना अण्णांनी आम्हाला सांगितलं नाही.

२८ नोव्हेंबर

व्याह्यांकडं जाऊन आलो. त्यांच्या एजन्सीनं क्लासवाल्यांना पहिल्या क्रमांकावर धरलंय, दर शंभर रुपये, स्पर्धक शून्य. मी काही बोललो नाही. काका बोलले.

दोघांनी वेगवेगळी बोली लावायची नाही, मिळून एक कंपनी काढायची, एवढ्यावर होकार आहे. कंपनीचा कच्चा मसुदा सीएकडं दिलाय. स्टुडिओ लातुरात की धाराशिवला, यावर बोलणी अडली आहेत. व्याह्यांची मोकळी जागा धाराशिवला आहे, अण्णांची लातूरच्या बार्शी रोडला, आणि दोघांनाही कंपनीकडून भाडं हवंय. शीटच्या सात लाखांत मी भाडं धरलेलं नव्हतं, कारण जागा घरची असं दोघंही सांगत होते. उद्या तो रकाना वाढवायचा आणि २४ चं काय होतं ते बघायचं.